जुन्या पीसीचा राउटर: सोलापूरचं ऊन, मागाची पिंज आणि लाइटचा लपंडाव सांभाळून

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या मेहुण्याचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. एका मे महिन्यात रोज दुपारी दोन-अडीचला त्याचा फोन यायचा, "मालक, नेट गेलं बघा पुन्हा." सोलापुरात मेहुणाही मालक म्हणतो, त्यावर जाऊ नका. शेवटी गाडी काढून गेलो. वाय-फायचा राउटर पत्र्याखाली खिळ्याला टांगलेला, हात लावला तर चटका बसला. वरच्या जाळीवर मागांवरून उडालेल्या पिंजेचा थर, दुधावरच्या सायीसारखा. बोटाने ओढला तर अख्खा निघाला.

त्या एका डबीवर बिलिंगचे दोन कॉम्प्युटर, आठ कॅमेरे आणि सगळ्या कामगारांचे मोबाइल चालत होते. आणि टेबलाखाली, चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला, कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा जुना पीसी धूळ खात पडलेला. तो मी राउटर म्हणून उभा केला. तिथून पुढे सहा-सात ठिकाणी हेच काम केलं, त्यात स्वतःच्या चुका भरपूर केल्या. हा लेख, ज्याने आजवर राउटरच्या पानावर फक्त वाय-फायचा पासवर्ड बदललाय त्याच्यासाठी आहे.

आधी एक स्पष्ट सांगतो. घरात तीन मोबाइल आणि एक टीव्ही असेल आणि नेट बरं चालत असेल, तर या भानगडीत पडू नका. कंपनीची डबी पुरते. एकाच वेळी वीस-पंचवीस उपकरणं, कॅमेरे, ऑनलाइन क्लास, बिलिंग असं सगळं एका लाइनवर असेल आणि डबी धापा टाकत असेल, तरच पुढे वाचा. किंवा शिकायची हौस असेल तर. ते कारणही पुरेसं आहे.

राउटर म्हणजे नेमकं काय काम

वाड्यात खोल्या दहा, पण पोस्टाचा पत्ता एकच. पोस्टमन सगळी पत्रं दिंडीदरवाज्यात देऊन जातो आणि कुठलं पत्र कुठल्या खोलीचं, हे दारावरच्या माणसाला माहीत असतं. राउटर तो दारावरचा माणूस. प्रत्येक उपकरणाला खोली नंबर देणं हे डीएचसीपी, बाहेर गेलेल्या मागणीचं उत्तर बरोबर खोलीत पोचवणं हे नॅट, आणि न बोलावता आलेल्याला दारातच अडवणं हे फायरवॉल. या तिन्ही कामांना ताकद फार लागत नाही. शंभर-दोनशे एमबीपीएसच्या लाइनला पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही जड जात नाही. म्हणून जुना पीसी चालतो.

वाय-फाय मात्र पीसीकडून करून घ्यायचं नाही. ते जुन्या डबीलाच करू द्यायचं, फक्त तिच्या डोक्यावरचा बाकीचा भार काढायचा. याची पद्धत पुढे येते.

पीसी निवडताना वीजमीटर बघा

नवखा माणूस प्रोसेसर किती गीगाहर्ट्झचा ते विचारतो. मी पहिल्यांदा विचारतो, किती वॅट खातो? राउटर चोवीस तास, बारा महिने चालू राहणार. जुना कोअर टू ड्युओचा डेस्कटॉप नुसता बसून ६० वॅटच्या आसपास घेतो. ६० वॅट गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३. हिशेबापुरता युनिटला १० रुपये दर धरला तरी महिन्याला ४३० रुपये झाले. आणि ही युनिटं तुमच्या बिलात सगळ्यात वरच्या टप्प्यात पडतात, कारण पंखे, फ्रिज, मोटर ही आधीच खालचे टप्पे खाऊन बसलेली असतात. फुकटचा पीसी वर्षाला पाच हजारांचा होतो तो असा.

याउलट बँका आणि ऑफिसांतून निघालेले थिन क्लायंट, म्हणजे पुस्तकाएवढे बिनपंख्याचे छोटे पीसी, साधारण १० वॅटमध्ये काम भागवतात. महिन्याला सात युनिटं. यातला एचपी टी६२० प्लस हाताशी आला तर सोडू नका, त्यात जादा नेटवर्क कार्ड बसवायला खाच असते. साध्या टी६२० मध्ये ती नसते, म्हणून नावातलं 'प्लस' बघून घ्या. दोन्हींच्या मधला पर्याय म्हणजे २०११ नंतरचे आय-थ्री किंवा आय-फाइव्हचे छोट्या डब्यातले ऑफिस पीसी. पेंटियम फोर कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. तो हिवाळ्यात खोली गरम करायला बरा, आणि सोलापुरात हिवाळा किती दिवसांचा असतो ते तुम्हाला माहीत आहे.

वॅट मोजायचं यंत्र नसेल तर घरच्या मीटरवर मोजता येतं. मीटरवर एक लाल दिवा मिचकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती मिचके तो आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. घरातलं सगळं बंद करा, इन्व्हर्टरसकट, आणि फक्त तो पीसी चालू ठेवा. दहा मिनिटं मिचके मोजा. त्या संख्येला ६ ने गुणून छापलेल्या आकड्याने भागलं की किलोवॅट मिळतात. मेहुण्याचा तो पीसी मी घरी आणून मोजला, दहा मिनिटांत ३२ मिचके. ३२ गुणिले ६ भागिले ३२००, म्हणजे ०.०६ किलोवॅट. ६० वॅट. बायको म्हणाली, फ्रिज बंद करून दिवे मोजत बसलेला माणूस पहिल्यांदा बघितला.

वीज थोडी वाचवायची असेल तर ग्राफिक्स कार्ड, डीव्हीडी ड्राइव्ह आणि नको असलेली हार्ड डिस्क काढून टाका. रॅम चार जीबी खूप झाली. दहा वर्षं फिरलेल्या हार्ड डिस्कवर राउटर ठेवू नका, लहानात लहान एसएसडी घाला.

जुना लॅपटॉप? स्क्रीन फुटलेला असेल तरी उत्तम, वीज कमी खातो आणि बॅटरी म्हणजे आतलाच यूपीएस. पण त्याला नेटची खाच एकच असते. आणि बॅटरी फुगलेली असेल तर ती काढून टाकल्याशिवाय तो चालवायचाच नाही. टचपॅड वर आल्यासारखा वाटला की समजायचं बॅटरी फुगली.

दोन खाचा लागतात

एक खाच बाहेरची, जिथे नेटवाल्याची वायर येते. तिला वॅन म्हणतात. दुसरी आतली, लॅन. पीसीवर एक असतेच, दुसरीसाठी कार्ड घ्यायचं. इथे चार पैसे वाचवायला जाऊ नका. इंटेलचं वापरलेलं कार्ड घ्या, दोन खाचांचं मिळालं तर फारच छान. इंटेल प्रो/१००० पीटी ड्युअल हे जुनं पण दणकट कार्ड आहे. ते लांब असल्यामुळे छोट्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसत नाही. ग्राफिक्स कार्ड काढलेल्या मोठ्या खाचेत बसवायचं. मॉनिटरची खाच मदरबोर्डवरच आहे ना, तेवढं आधी बघा. कार्ड डब्याला स्क्रूने बसवायची पत्र्याची पट्टी असते, छोट्या डब्याच्या पीसीला ती बुटकी लागते, विकणाऱ्याकडून ती सोबतच मागून घ्या. मी नाही मागितली, आणि मग उंच पट्टी काढून कार्ड तसंच लटकवलं. वायर ओढली की कार्ड उपसायचं.

इंटेलचाच हट्ट का, तर आपण राउटरसाठी ओपीएनसेन्स नावाची जी प्रणाली टाकणार आहोत ती फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते आणि तिचं रिअलटेक कंपनीच्या नेटवर्क चिपांशी फारसं जमत नाही. चालतं, पण जोर आला की मधेच गप्प बसतं. पीसीवर फक्त रिअलटेकच असेल आणि बदलायचं नसेल, तर ओपीएनसेन्सऐवजी ओपनडब्ल्यूआरटी टाका. ते लिनक्स आहे, रिअलटेकला सांभाळून घेतं आणि अगदी कमी रॅमवरही चालतं.

यूएसबीला लावायची नेटची खाच तात्पुरती ठीक. कायमची नको.

साफसफाई आणि बायोस

पीसी अंगणात किंवा गच्चीवर न्या, घरात उघडू नका. मेहुण्याच्या पीसीचं झाकण काढलं तेव्हा प्रोसेसरचा पंखा दिसलाच नाही, त्या जागी पिंजेची गादी होती. पंखा फिरत होता, पण हवा कुठून जाणार? ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो उलटा गरगरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची, उष्णता बाहेर नेणारी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा, हरभऱ्याएवढी बास. रॅमच्या सोनेरी पट्टीवर साधं खोडरबर फिरवा. पीसी चालू होत नाही म्हणून आलेल्यांपैकी निम्मे तेवढ्यानेच चालू होतात.

मदरबोर्डवर एक नाण्यासारखा सेल असतो, सीआर२०३२. तो न विचारता बदला. जुना सेल मेला की प्रत्येक लाइट गेल्यावर पीसी तारीख विसरतो आणि "एफ-वन दाबा" म्हणून थांबून राहतो. कीबोर्ड नसलेल्या, मॉनिटर नसलेल्या पीसीवर ते कोण दाबणार? माझ्या दुसऱ्या राउटरचं हेच झालं. पहाटे लाइट गेली, आली, आणि मालकिणीने अकरा वाजता मला उठवलं. रविवार होता.

आता बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानावर, जाऊन दोन गोष्टी बदला. लाइट परत आल्यावर काय करायचं या जागी 'पॉवर ऑन' निवडा. ही सेटिंग बहुतेक पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर 'एसी पॉवर लॉस' अशा नावाने असते. आणि 'हॉल्ट ऑन' या जागी 'नो एरर्स' निवडा, म्हणजे कीबोर्ड सापडला नाही म्हणून पीसी अडून बसणार नाही. मग खात्री करा: पीसी चालू असताना सरळ भिंतीवरच्या बटणातून वीज बंद करा, मिनिटाने चालू करा. हात न लावता उठला पाहिजे. ही परीक्षा रिकाम्या डिस्कवरच, प्रणाली टाकायच्या आधी घ्या.

प्रणाली टाकणे

मी ओपीएनसेन्स टाकतो. २००३ मध्ये मोनोवॉल नावाची छोटी प्रणाली आली, तिच्यातून २००४ मध्ये पीएफसेन्स निघाली आणि २०१५ मध्ये तिची फांदी फुटून ओपीएनसेन्स झाली. मोनोवॉल बंद करताना तिच्या कर्त्याने, मॅन्युअल कास्परने, आपल्या लोकांना ओपीएनसेन्सकडे बघा असं सांगितलं होतं. फुकट आहे आणि ब्राउझरमधून सगळं करता येतं. प्रोसेसर ६४ बिटचा हवा. कोअर टू ड्युओ तसा असतो.

त्यांच्या साइटवरून 'व्हीजीए' नावाची फाइल उतरवा. ती दाबून बांधलेली (झिपसारखी) असते, आधी उघडा आणि मग रुफस किंवा एचर या प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर लिहा. नुसती कॉपी करून चालत नाही. पीसी पेन ड्राइव्हवरून सुरू केला की तो लॉगिन मागतो. तिथे 'इन्स्टॉलर' हे नाव आणि 'ओपीएनसेन्स' हा पासवर्ड, दोन्ही छोट्या इंग्रजी अक्षरांत. डिस्क कशी मांडायची विचारलं की झेडएफएस निवडा. आपल्याकडे लाइट केव्हा जाईल त्याचा भरवसा नाही, आणि अचानक बंद पडण्याचा मार झेडएफएस जास्त सोसतं. रॅम दोनच जीबी असेल तर यूएफएस घ्या. रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड तिथेच बदलून टाका.

पुन्हा सुरू झाल्यावर काळ्या पडद्यावर आकड्यांची यादी येते. एक नंबरने खाचा ठरवायच्या. तिथे ईएम-शून्य, ईएम-एक अशी नावं दिसतात. इंटेलच्या खाचा ईएम किंवा आयजीबी, रिअलटेकची आरई. पण पीसीच्या मागे बघून कुठली कोणती ते कळत नाही. सगळ्या वायरी काढा, एकच घाला, आणि पडद्यावर कुठलं नाव जागं होतं ते बघा. लगेच चिकटपट्टीवर 'आत' आणि 'बाहेर' असं मराठीत लिहून खाचेवर लावा. वॅन-लॅन लिहिलं की कारखान्यातला पोरगा साफसफाईनंतर हमखास उलटं घालतो. 'आत' 'बाहेर' लिहिल्यापासून एकदाही नाही.

यानंतर दोन नंबरने लॅनचा पत्ता बदला. हे विसरलात तर माझ्यासारखी अर्धी रात्र जाईल. ओपीएनसेन्स स्वतःला १९२.१६८.१.१ हा पत्ता देतं आणि नेटवाल्याने बसवलेली फायबरची डबीही बहुधा हाच पत्ता घेऊन बसलेली असते. दारात एकाच नावाचे दोन माणसं उभी राहिली तर पत्र कोणाला द्यायचं? सगळं जोडलेलं, दिवे हिरवे, आणि नेट नाही. आतला पत्ता १९२.१६८.१०.१ करा. टाइप करताना आकडे अर्थातच इंग्रजी. डीएचसीपी चालू करू का विचारेल, हो म्हणा, आणि वाटपाला पत्त्याच्या शेवटच्या आकड्यातले १०० पासून २०० पर्यंतचे नंबर द्या. खालचे नंबर कॅमेरे आणि प्रिंटरसाठी राखून ठेवा.

आता एक लॅपटॉप 'आत' च्या खाचेला जोडा आणि ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. ब्राउझर धोक्याचा इशारा देईल. सर्टिफिकेट राउटरने स्वतःच बनवलेलं असतं म्हणून, पुढे जा. विझार्ड एकेक विचारत जातो. वेळ 'एशिया कोलकाता' ठेवा.

नेटवाल्याशी बोलणे

फोन करायच्या आधी तीन प्रश्न कागदावर लिहून ठेवा. पहिला, लाइन पीपीपीओईची, म्हणजे लॉगिन करून चालू होणारी, आहे का, आणि असेल तर नाव आणि पासवर्ड काय. दुसरा, व्हीलॅन नंबर (एकाच वायरीतली वाहतूक वेगवेगळी ठेवायचा नंबर) लागतो का. तिसरा, फायबरची डबी ब्रिज मोडवर टाकून द्याल का. ब्रिज म्हणजे डबी फक्त उजेडाचं विजेत रूपांतर करेल, राउटरगिरी करणार नाही. नाही म्हणाले तर भांडू नका. डबीच्या मागे आपला राउटर लावला तरी ब्राउझिंग, कॅमेरे, बिलिंग सगळं चालतं. बाहेरून घरात यायचं असेल तेवढ्यातच अडचण येते. आणि वॅनचा पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर नेटवाल्याने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवली आहेत असं समजा. मग बाहेरून आत यायचा रस्ता तसाही बंदच आहे.

काही लोकल नेटवाले जुन्या वाय-फायच्या डबीचा मॅक नंबर, म्हणजे उपकरणाचा कारखान्यातून आलेला ओळख नंबर, बांधून ठेवतात. पीसी लावला की नेट येत नाही, डबी लावली की येतं, असं झालं तर हेच कारण. डबीच्या बुडावरचा मॅक नंबर ओपीएनसेन्सच्या वॅनच्या पानावर टाकायला जागा आहे.

जुनी डबी वाय-फायसाठी

डबीच्या पानावर जाऊन तिचा पत्ता १९२.१६८.१०.२ करा, तिचं डीएचसीपी बंद करा, आणि पीसीकडून आलेली वायर तिच्या लॅन खाचेत घाला. निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या वॅन खाचेत नाही. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर घरात दोन माणसं नंबर वाटत सुटतात आणि कोणाचं नेट चालेल ते नशिबावर. वायरीतल्या आठही तारा जोडलेल्या आहेत ना तेही बघा. चारच जोडल्या असतील तर वेग १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही.

ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते

मेहुण्याची लाइन ५० एमबीपीएसची. कमी नव्हती. पण कोणी मोबाइलवरून मोठा व्हिडिओ वर चढवला की बिलिंगचं पान मिनिटभर अडकायचं. कारण डबी रांगेत येईल त्याला उभं करायची, आणि रांग लांबच लांब व्हायची. एसटी स्टँडवर एकट्याने पंचवीस जणांची तिकिटं काढली तर मागच्याचं काय होतं, तेच. ओपीएनसेन्समध्ये फायरवॉलखाली शेपर, म्हणजे वाहतुकीला शिस्त लावणारी सोय, आहे. तिथे येणाऱ्या आणि जाणाऱ्या बाजूचे दोन पाइप बनवा, मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के आकडा द्या, आणि शेड्युलर, म्हणजे रांग लावायची पद्धत, एफक्यू-कोडेल निवडा. मग दोन्ही दिशांना एकेक नियम. मोजलेला वेग, बरं का. बिलावर छापलेला नाही. एवढ्याने रांग आपल्या दारात राहते आणि सगळ्यांना थोडं थोडं पुढे सरकायला मिळतं. बिलिंगचं अडकणं त्याच दिवशी थांबलं. ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांनी यासाठी एसक्यूएम नावाचं पॅकेज टाकावं.

राउटरचं पान बाहेरून उघडायची सोय कधीही चालू करू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. अपडेट महिन्यातून एकदा, पण बिलांच्या दिवशी नाही.

सगळं जमल्यावर कॉन्फिगरेशनच्या बॅकअपची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. पीसी मेला तर दुसऱ्या पीसीवर हीच फाइल चढवून, खाचा तेवढ्या पुन्हा ठरवून, अर्ध्या तासात काम सुरू होतं.

इन्व्हर्टरवर लावताना त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडवर पंखा चालतो, पण लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला लागतो तेवढ्या क्षणात पीसी बंद होऊन पुन्हा सुरू होतो. फायबरची डबीही त्याच इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर राउटर जागा आणि नेट झोपलेलं.

जागा भिंतीच्या खालच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर वर. पत्र्याजवळ नको. आजूबाजूला माग असतील तर हवा आत जाणाऱ्या जाळीवर जुन्या सुती ओढणीचा एकपदरी तुकडा बांधा आणि तो आठवड्याला झटका. पूर्ण साफसफाई वर्षातून दोनदा: एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर, गुढीपाडव्याच्या सुमारास, आणि एकदा खंडेनवमीला, त्या दिवशी माग पुसले जातातच. गेल्या खंडेनवमीला मेहुण्याने मागांबरोबर राउटरलाही हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातला. हार बरोबर हवेच्या जाळीवर आला होता. तो मी उचलून मॉनिटरला घातला.